'प्रायमरी की'मधली 'की' मराठीत कशी लिहावी?

अल्पविराम
एका ओआरएम लायब्ररीची, म्हणजे प्रोग्राममधले ऑब्जेक्ट डेटाबेसच्या टेबलांत ओळी म्हणून ठेवणाऱ्या लायब्ररीची, माहितीपुस्तिका मराठीत आणतेय आणि एका वाक्यापाशी दोन दिवस अडलेय. 'ऑब्जेक्टची प्रायमरी की बदलून सेव्ह केली की नवी ओळ तयार होते.' (प्रायमरी की म्हणजे टेबलातली नेमकी एक ओळ दाखवणारं मूल्य.) मसुदा तपासणाऱ्या मैत्रिणीनं दुसरी 'की'सुद्धा प्रायमरीच समजली आणि विचारलं, "सेव्ह केलेली की कुठली?" पुढच्याच परिच्छेदात 'की रिकामी आहे की नाही' असं आहे. 'प्राथमिक कळ' करून पाहिलं, तर ती म्हणाली, कळ पोटात येते. तुम्ही काय लिहिता?

जुनाजाणता
'प्रायमरी की'च लिहा. रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या कॉडनं १९७०च्या निबंधात हा शब्द वापरला, तेव्हापासून तो जगभर तसाच चालतोय. "टेबलाला की नाहीये" हे वाक्य मी रोज बोलतो आणि समोरच्याला रोज कळतं.

कोशवाली
बोलताना कळतं, कारण तिथे सूर मदतीला असतो. कागदावर तो नसतो. माझा विरोध परक्या शब्दाला नाही. 'चावी' पोर्तुगीजांकडून आली आणि आपली झाली. पण जो शब्द दर दुसऱ्या वाक्यात येणाऱ्या अव्ययाशी अक्षरन् अक्षर जुळतो, तो लेखनात रुजणार कसा? 'मुख्य किल्ली' लिहा. 'प्राथमिक' तर मुळीच नको, त्यात पहिल्या पायरीचा, जुजबी असा अर्थ येतो. कँडिडेट की, म्हणजे प्रायमरी होऊ शकणाऱ्या की, सगळ्या सारख्याच लायकीच्या असतात, त्यांतली एक आपण मुख्य ठरवतो.

पाऊलवाट
मग 'गुरुकिल्ली' का नको? तयार शब्द आहे.

कोशवाली
गुरुकिल्लीनं सगळी कुलपं उघडतात. प्रायमरी कीनं एकच ओळ सापडली पाहिजे. अर्थ नेमका उलटा होतो.

रात्रपाळी
मुळात ती काही उघडतच नाही हो. माझा अनुभव सांगतो. जँगोच्या ओआरएमवर चालणाऱ्या एका प्रकल्पात मालाचा कोड हीच प्रायमरी की होती. एका कोडात अक्षर चुकलं होतं. मी ऑब्जेक्ट मागवला, कोड दुरुस्त केला, सेव्ह केलं. वाटलं, झालं काम. संध्याकाळी पाहतो तर एकाच मालाच्या दोन ओळी, आणि जुन्या ऑर्डरी सगळ्या चुकीच्या कोडालाच चिकटलेल्या! जँगो आधी त्या कीची ओळ अपडेट करायला जातं, तशी ओळ नसेल तर नवी घालतं. आधी आपण कोण होतो हे त्या ऑब्जेक्टला आठवतच नाही. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात 'किल्ली' नाही, 'ओळख' आहे. ओळख बदलली, माणूस बदलला.

जुनाजाणता
हे सगळीकडे खरं नाही, आणि अल्पविरामताई, तुमच्या वाक्यातही कुठली लायब्ररी ते यायला हवं. एसक्यूएलअल्केमी जुनी की लक्षात ठेवते आणि त्याच ओळीतली की बदलते. हायबरनेट सरळ एरर देऊन अडवतं. तीन लायब्रऱ्या, तीन तऱ्हा. तुमच्या 'ओळख'मध्ये हे कुठे बसतं?

रात्रपाळी
बसतं की! एकीला जुनी ओळख आठवते, एकीला आठवत नाही, एक ओळख बदलूच देत नाही. 'किल्ली' घालून ही तीन वाक्यं करून बघा.

पाऊलवाट
'ओळ' आणि 'ओळख' एकाच घरातले शब्द असणार. ओळीची ती ओळख! मला तर हे फार आवडलं.

कोशवाली
कानाला गोड लागतं, पण घरं वेगळी आहेत. 'ओळ' आवलीकडून आली. 'ओळख'मध्ये 'लक्ष्' धातू दडलाय. आणि अडचणही आहे. 'आयडेंटिटी मॅप'ला मग काय म्हणाल? एका सत्रात एका कीमागे एकच ऑब्जेक्ट ठेवणारी ती वही. तिथे 'ओळख' आधीच खर्च झाली.

रात्रपाळी
'ओळखवही'. त्या वहीत शोधायचं तेही ओळखीवरूनच ना? मग एकच शब्द दोन्हीकडे आला तर बिघडलं काय?

जुनाजाणता
आणि नव्या ऑब्जेक्टला सेव्ह होईपर्यंत बहुतेक वेळा आयडीच नसतो. त्याला काय, 'अनोळखी' म्हणणार?

पाऊलवाट
आयडी नसतो? आम्ही 'आयडी नसते' म्हणतो. ती आयडी.

जुनाजाणता
तो आयडी. 'तुझा आयडी दे' असंच म्हणतात.

कोशवाली
'ओळख'च्या जोरावर स्त्रीलिंग, 'क्रमांका'च्या जोरावर पुल्लिंग. दोन्ही कानावर येतात. 'की' मात्र सगळेच 'ती' म्हणतात, बहुधा किल्ली-चावीमुळे.

अल्पविराम
तूर्त वाक्य असं केलंय: 'जँगोमध्ये ऑब्जेक्टची प्रायमरी की बदलून सेव्ह केल्यास जुनी ओळ तशीच राहते आणि नवी तयार होते.' एक 'की' गेली. 'की रिकामी आहे की नाही' अजून तिथेच आहे. आणि पुढचं प्रकरण फॉरेन कीचं आहे. 'परकी की' लिहायला हात धजत नाही.

रात्रपाळी
'परकी ओळख'. रकाना आपल्या टेबलातला, ओळख दुसऱ्या टेबलातल्या ओळीची.

जुनाजाणता
फॉरेन की.