वजन ८४ किलो आणि शिकायचंय डाएटेटिक्स. जमेल का?

कळण्याची_भाकर (भुसावळ)
होमसायन्सचं शेवटचं वर्ष. उंची १५७ सें.मी., वजन ८४. नोकरीत वजन आडवं येतं का? आणि पेशंट तोंडावर म्हणाला, "ताई, आधी तुमचं बघा", तर?

वॉर्ड_राउंड
नियमात वजनाची अट नाही. एम.एस्सी. किंवा पी.जी. डिप्लोमा, हॉस्पिटलात इंटर्नशिप, मग इंडियन डायटेटिक असोसिएशनची आर.डी. (रजिस्टर्ड डाएटिशियन, म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञ) परीक्षा, असा रस्ता. तीन महिन्यांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर आर.डी.ला बसता येत नाही, त्यात पैसे घालू नका.

वेट-लॉस सेंटरवाले अंगकाठी बघतात, हे खरंय. हॉस्पिटलात मात्र हिशेब बघतात. आपल्याकडे पेशंटला भेटायला येणारा केळी घेऊनच येतो. १०० ग्रॅम केळ्यात साधारण ३५० मि.ग्रॅ. पोटॅशियम. डायलिसिसच्या पेशंटचं पोटॅशियम आधीच चढलेलं असेल तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ती केळी वेळेवर उचलणारी बाई किती किलोची, हे तिथे कोणी विचारत नाही.

टोमणा आलाच तर: "हो, माझंही चालू आहे. तुमची उपाशीपोटीची साखर किती आली?" पुढे स्वतःचे आकडे सांगत बसायचं नाही, वेळ पेशंटचा असतो.

तेलाचा_डबा
बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३४ येतो. आपल्या लोकांसाठी २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. पण लगेच ५७ किलोचं स्वप्न नको. आधी ५ टक्के, म्हणजे चार किलो, तेही तीन ते सहा महिन्यांत. एवढ्यानेही साखर-बीपीत फरक दिसतो. इंटरव्ह्यूसाठी महिनाभर उपाशी राहिलात तर स्नायू झडतात आणि वजन परत येतं.

आहाराची नोंद चुकते ती तेलात. वहीत "दोन भाकरी, वाटीभर भरीत" लिहिलं जातं, भरिताची फोडणी कोणी लिहीत नाही. म्हणून उलटा हिशेब करा: १५ किलोचा डबा फोडल्याची तारीख झाकणावर लिहा. पाच माणसांत ७५ दिवसांत संपला, तर माणशी रोज ४० ग्रॅम, म्हणजे ३६० कॅलरी. २५ ग्रॅमवर आणलं की रोजच्या १३५ वाचल्या, भाकरीला हात न लावता. शेवभाजीतली शेव यात धरलेली नाही. ती विकतची, तिचं तेल वेगळं.

साधं_वरण
पाळी अनियमित असेल, थकवा असेल तर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासून डॉक्टरांना दाखवा. आणि लपून, पोट फुटेस्तोवर खाणं होत असेल तर कॅलरी मोजू नका, त्याने ते वाढतं. आधी मानसोपचारतज्ज्ञ.

कळण्याची_भाकर (भुसावळ)
डबा कालच फोडलाय, तारीख टाकली. श्रावणात आमच्या खानदेशातल्या कानबाईच्या सणाचे रोट आले की काय करू?

तेलाचा_डबा
खा. फक्त त्या आठवड्यात काट्यावर उभ्या राहू नका. एकदम जास्त गोड-पिठूळ खाल्लं की अंगात पाणी धरतं, काटा उगाच किलोभर वर दाखवतो.