मदत हवी आहे : सीबी (सिटिझन्स बँड, म्हणजे सर्वसामान्यांचा दुतर्फी रेडिओ) सेटवर बोलताना पॉवर वाढण्याऐवजी घटते

मंडळी, अमेरिकन ४० चॅनेलचा एएम सेट आहे, पिकअपमध्ये बसवलेला. ऐकू छान येतं, पण चॅनेल १९ वर समोरच्याला नुसता कॅरियर (आवाज वाहून नेणारी मूळ रेडिओ लहर) मिळतो. आवाज दबका आणि फाटका.

आधी बोलायचं बटण दाबलं की व्होल्टेज १३.७ वरून ११.४ वर यायचं. जेमतेम दीड अँपिअरला एवढी घसरण म्हणजे वाटेत दीड ओहमचा अडथळा. फ्यूज होल्डर आतून हिरवा पडला होता. दोन्ही वायरी थेट बॅटरीवर नेल्या, आता १३.५ टिकतं.

एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते याचं माप, १ सर्वोत्तम) चॅनेल १ वर १.४ आणि ४० वर २.६ होता, म्हणजे अँटेना लांब. टोक थोडं थोडं आत सरकवून दोन्हीकडे १.५ आणला. तरी तक्रार तीच, म्हणून ५० ओहमच्या डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) तपासलं: कॅरियर ३.८ वॅट, माइकमध्ये बोललं की काटा ३ वर उतरतो! पूर्ण मॉड्युलेशनला (कॅरियरवर आवाज चढवणं) शिखर पॉवर कॅरियरच्या चौपट जायला हवं.

पीए मोडमध्ये (सेट नुसता लाउडस्पीकरसारखा वापरताना) आवाज खणखणीत, त्यामुळे माइक आणि ऑडिओ आयसीवर माझा संशय नाही. ४ पिनची जोडणीही बरोबर आहे.

आता २एससी२०७८ फायनल (शेवटचा पॉवर ट्रान्झिस्टर) आधी बदलू, की त्याच्या आधीचा ड्रायव्हर? की मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मरनंतरचा डायोड, कपॅसिटर आधी बघू? शिखराला दम कोण सोडतंय, हे ऑसिलोस्कोपशिवाय मल्टिमीटरवर कसं ओळखायचं? कॉइलना अजून स्क्रूड्रायव्हर लावलेला नाही, लावणारही नाही.