मदत हवी आहे: 'कुंग फू' (१९७२) मालिका पुढे बघू का? आणि शाओलिनचं खरं-खोटं काय?

मंडळी जरा मदत पाहिजे. ती जुनी अमेरिकन मालिका 'कुंग फू', डेव्हिड कॅराडाइनवाली, तिचा पायलट (मालिकेआधीचा पहिला चाचणी-भाग) बघितला आणि डोक्यात भुंगा लागलाय. क्वाय चांग केन, बाप अमेरिकन आई चिनी, अनाथ पोर चीनमधल्या शाओलिन या बौद्ध मठात वाढतं, भिक्षू होतं. पुढे त्याच्या आंधळ्या गुरूंना, मास्टर पोंना, बादशहाचा पुतण्या गोळी घालतो आणि केन तिथल्या तिथे भाला फेकून त्याला संपवतो. मग पळून थेट अमेरिकेत, रेल्वेच्या कामावर, आणि डोक्यावर इनाम, जिवंत सापडला तर १० हजार डॉलर, मेलेला असला तर ५ हजार.

आता माझा प्रॉब्लेम. आपल्याकडे सूड शेवटच्या रिळात, तोवर हीरो दात-ओठ खात फिरणार. इथे पायलटमध्येच हिशोब चुकता, मग पुढचे साठेक भाग बघायचं काय?

दुसरं, तो निखाऱ्यांनी भरलेला लालबुंद हंडा दोन्ही हातांच्या मधे धरून उचलतो आणि एका हातावर ड्रॅगन दुसऱ्यावर वाघ डागला जातो, हे खरंच करायचे का? भाचा कराटेला जातो, त्याने हे बघितल्यापासून विचारून विचारून वात आणलाय आणि ताई माझ्यावर भडकलीये. आणि भिक्षू बौद्ध ना, मग गुरूंची वाक्यं ताओवाली (चीनच्या दुसऱ्या जुन्या तत्त्वज्ञानातली) का वाटतात? प्लीज शेवट फोडू नका.

प्रतिसाद १:
बघच. सूड 'घेण्याची' गोष्ट नाहीये ही, घेतल्यावर काय होतं त्याची आहे. माणूस मारून केन मोकळा होत नाही, उलट आता त्याच्याच मागावर माणसं. मुक्कामाच्या गावात कोणीतरी गरिबाला छळत असतं, हा शेवटपर्यंत ऐकून घेतो, मग दोन मिनिटं स्लो मोशनमध्ये हाणामारी. फॉर्म्युला आहे, नाकारत नाही. पण फ्लॅशबॅकमधले मास्टर पो आणि मठाचे दुसरे गुरू मास्टर कान, गुरूंच्या तळहातावरचा खडा झडप घालून उचलायचा तो प्रसंग, राइस पेपरवरून (पातळ कागदावरून) तो न फाडता चालणं, मला तरी खरी मालिका तीच वाटते. सावत्र भावाच्या शोधाचा धागा तिसऱ्या सीझनमध्ये येऊन लागतो, पुढे बोलत नाही.

प्रतिसाद २:
हंड्याची दंतकथा आहे, भाच्याला सांगून टाका. मठ मात्र खरा, हेनान प्रांतात सोंगशान डोंगरात, इ.स. ४९५ चा. ६२१ मध्ये तिथल्या भिक्षूंनी ली शिमिनला लढाईत मदत केली, तो पुढे थांग घराण्याचा बादशहा झाला, म्हणजे लढणारे भिक्षू ही काही टीव्हीवाल्यांची आयडिया नाही. १९२८ मध्ये एका युद्धखोर सेनापतीच्या फौजेने मठ जाळला, बराचसा भाग गेला. मालिकेत दिसतो तो हॉलिवूडमधला सेट, आधीच्या एका राजाराणीच्या संगीतपटासाठी बांधलेला, त्यालाच मेणबत्त्या लावून मठ केलाय. ताओचं तुम्हाला बरोबर वाटलं, ताओ विचाराचा जुना चिनी गुरू लाओत्से, त्याच्या 'ताओ ते चिंग' ग्रंथातली बरीच वाक्यं भिक्षूंच्या तोंडी आहेत. तसंही चिनी झेनवर (बौद्धांच्या ध्यानपंथावर) ताओची छाप आहेच, त्यामुळे अगदीच खटकत नाही. आणि शाओलिनशी ज्याचं नाव जोडतात तो बौद्ध भिक्षू बोधिधर्म परंपरेप्रमाणे आपल्या दक्षिणेतला, कांचीचा म्हणतात, कराटेवाल्या पोराला ही गोष्ट सांगा, हंडा विसरेल.

मूळ धागाकर्ता:
दोघांनाही थँक्यू. ताईला प्रतिसाद २ चा स्क्रीनशॉट टाकलाय. दुसरा भाग आज लावतो, पोराला सुट्टीच्या दिवशी फक्त मास्टर पोचे सीन दाखवेन.