2027 मध्ये ईस्टर आधी आणि वल्हांडण नंतर, असं कसं?

पेठेतला_वाचक (सोलापूर)
आमच्या मंडळीची 2027ची दिनदर्शिका करायला घेतली आहे. ईस्टर 28 मार्चला, यहुद्यांचा वल्हांडण (इजिप्तच्या गुलामीतून सुटकेचा सण) मात्र 22 एप्रिलला. शुभवर्तमानांनुसार वधस्तंभ आणि पुनरुत्थान वल्हांडणाच्या आठवड्यातलं, मग हा उलटा क्रम का? संडे स्कूलची मुलं हमखास विचारणार. शिवाय एका यादीत वल्हांडण 21 एप्रिलला दिलाय. छापायचं काय? आणि पुढच्या वर्षांच्या तारखा घरी काढता येतात का?

चैत्रपालवी
दोन्ही सण वसंतातल्या पौर्णिमेला बांधलेले आहेत, फक्त पौर्णिमा वेगवेगळी धरली गेलीय. 2027 मध्ये ईस्टर 22 मार्चच्या होळीच्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी आहे, आणि वल्हांडण चैत्री पौर्णिमेला लागून.

यहुदी वर्ष आपल्यासारखंच चांद्र महिन्यांचं, म्हणून अधिक मास लागतोच. आपण संक्रांत नसलेला महिना अधिक धरतो. त्यांच्याकडे ठरलेलं चक्र आहे. 19 वर्षांत 7 वेळा अदार महिना दोनदा येतो, म्हणजे त्यापुढचा निसान आणि त्यातला वल्हांडण महिनाभर पुढे जातो. चर्चच्या कोष्टकातही 19 वर्षांचंच चक्र आहे, पण त्यात 21 मार्च हा विषुवदिन कायमचा ठरलेला. त्या दिवशी किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्या पुढचा रविवार. यहुदी गणिताचं सरासरी वर्ष किंचित मोठं आहे, साधारण सव्वादोनशे वर्षांत एक दिवस सरकतो. साचलेल्या या फरकामुळे 19पैकी 3 वर्षांत दोघांची पौर्णिमा जुळत नाही. 2016, 2024 आणि 2027 तशीच.

जुनी_पोथी
यात इतिहासाचा भागही सांगायला हवा, नाहीतर मुलांना हे नुसतं गणित वाटेल. आशिया मायनरमधल्या (आजचा तुर्कस्तान) मंडळ्या निसानच्या 14 तारखेलाच सण पाळत, वार कुठलाही असो. रोमला रविवारच हवा होता. तिथल्या स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प दुसऱ्या शतकाच्या मध्यात रोमला जाऊन बिशप अनिसेटसशी बोलला. एकमत झालं नाही, पण सहभागिता तुटली नाही. पुढे इ.स. 190च्या सुमारास रोमचा बिशप व्हिक्टर आशिया मायनरमधल्याच इफिसचा बिशप पॉलिक्रेटिस याच्या बाजूच्या मंडळ्यांना बहिष्कृत करायला निघाला, तेव्हा लियॉनचा बिशप इरेनियस याने त्याला आवरलं. 325च्या निकेया परिषदेत सगळ्यांनी एकाच रविवारी आणि यहुदी गणनेवर न विसंबता सण पाळायचं ठरलं. सविस्तर कोष्टक मात्र परिषदेने दिलं नव्हतं, ते नंतर घडत गेलं. ‘निकेयाचं सूत्र’ असं सरसकट लिहिलेलं दिसतं, ते टाळा.

नेमक्या दिवसाबद्दल शुभवर्तमानांतही फरक दिसतो, म्हणून योहान 19:14ही वाचून दाखवा. तिथे खटला वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशी चालतो, तर मार्क 14 मध्ये शेवटचं भोजन हेच वल्हांडणाचं भोजन आहे.

आकडेमोड
1900 ते 2099साठी ईस्टर काढायची कागदावरची रीत. वर्षाला 19, 4 आणि 7 ने भागून येणाऱ्या बाक्या क, ख, ग. मग (19क + 24) ला 30 ने भागून बाकी घ. (2ख + 4ग + 6घ + 5) ला 7 ने भागून बाकी च. ईस्टर = 22 मार्च + घ + च.

2027: क 13, ख 3, ग 4. 271 ला 30 ने भागून घ 1. 33 ला 7 ने भागून च 5. 22 + 6 = 28 मार्च.

गोची दोनच ठिकाणी. घ 29 आणि च 6 असेल तर 26 एप्रिल येतं, तिथे 19 एप्रिल घ्या (1981 असंच). घ 28, च 6 आणि क 10पेक्षा मोठा असेल तर 25च्या जागी 18 एप्रिल.

पंचांगातली खरी पौर्णिमा वापरू नका. 2019 मध्ये आकाशातली पौर्णिमा 21 मार्चला होती, पण कोष्टकात ती 20 तारखेला पडली, म्हणून ईस्टर थेट 21 एप्रिलला गेला.

वल्हांडण उशिरा आहे का, हे तपासायला इसवी सनात 3760 मिळवून 19 ने भागा. 5787ची बाकी 11. बाकी 8, 11 किंवा 0 आली की सध्याच्या काळात ईस्टर महिनाभर आधी.

पेठेतला_वाचक
छान, 2035लाही बाकी 0 येतेय. आता 21 की 22?

जुनी_पोथी
दोन्ही. यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. 21 एप्रिलला, बुधवारी संध्याकाळी सेदेर, म्हणजे वल्हांडणाचं विधीचं भोजन; पहिला दिवस गुरुवार, 22. ‘21 एप्रिल, सूर्यास्तापासून’ असंच छापा. हा पहिला दिवस, म्हणजे निसानची 15 तारीख, सोमवार, बुधवार, शुक्रवारी कधीच पडत नाही, तेव्हा एखाद्या यादीत बुधवार दिसला तर ती आदल्या संध्याकाळची नोंद समजा.

ईस्टर हलला की बाकीचे दिवसही हलतात: राखेचा बुधवार 46 दिवस आधी, म्हणजे 10 फेब्रुवारी, झावळ्यांचा रविवार 21 मार्च, उत्तम शुक्रवार 26 मार्च. पेन्टेकॉस्ट सात आठवड्यांनी, 16 मे. नाताळ तेवढा आपल्या संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेसारखा सूर्याच्या तारखेवर, त्याला हात लावू नका.