बी.एस्सी.ला ॲनॅलिटिकल केमिस्ट्री: वोगेल पुरे, की आधी दुसरं पुस्तक हवं?

रंकाळाकाठ

माझी भाची इथंच कोल्हापुरात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. रविवारी जर्नल घेऊन आली. बोअरच्या पाण्याचा हार्डनेस काढला होता: ५० मिली पाणी, पीएच १० चा बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग बदलणारा इंडिकेटर, वाइनसारखा लाल रंग जाऊन निळा आला की थांबायचं. थेंब थेंब सोडलेल्या ईडीटीए द्रावणाचं रीडिंग १८.४ मिली. सूत्र ‘रीडिंग गुणिले १००० भागिले ५०’, उत्तर लिटरमागं ३६८ मिलिग्रॅम.

मी विचारलं, ईडीटीए किती मोलर (लिटरमागं किती मोल) होतं? म्हणाली, स्टँडर्डाइज केल्यावर, म्हणजे नेमकी ताकद तपासल्यावर, ०.००९३ आलं. मग ते ०.००९३ या सूत्रात कुठं गेलं? पोरगी गप्प.

ते सूत्र फक्त बरोबर ०.०१ मोलर ईडीटीएला लागू पडतं, कारण तेव्हाच १ मिली म्हणजे १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. ०.००९३ धरलं तर उत्तर ३४२ येतं. लिटरमागं २६ मिलिग्रॅमची चूक, आणि जर्नलवर सही झालेली! स्टँडर्डायझेशन केलं होतं, पण ते कशासाठी केलं हे कुणी सांगितलंच नाही. नोट्समध्ये सूत्र होतं, तिनं ते उतरवलं.

माझं ठाम मत: सुरुवात वोगेलनं, म्हणजे प्रयोगांच्या पद्धती देणाऱ्या त्या जाड इंग्रजी पुस्तकानं, करू नये. हॅरिसचं ‘क्वांटिटेटिव्ह केमिकल ॲनालिसिस’ घ्यावं, किंवा स्कूग-वेस्टचं. हॅरिसमध्ये पहिल्या पानांवरच चॉकलेटमधलं कॅफीन मोजायचं ठरवल्यावर नमुना घेण्यापासून निष्कर्षापर्यंत काय काय करावं लागतं ते आहे. मग एरर, सिग्निफिकंट फिगर्स, आणि त्यानंतर टायट्रेशन, म्हणजे माहीत ताकदीचं द्रावण थेंब थेंब सोडून मोजणं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. वोगेल हातात धरून काम करायचं पुस्तक आहे, शिकायचं नव्हे.

पैजण

सर, इथं मी तुमच्याशी सहमत नाही. मी हुपरीत चांदी तपासायचं काम करतो, १४ वर्षं झाली. आमच्याकडं टंच (चांदीची शुद्धता) चुकला की कारागीर संध्याकाळी दारात उभा राहतो. माझ्या टेबलावर एकच पुस्तक आहे, वोगेल, त्याची पाठीची शिवण दोनदा घालून घेतली आहे.

व्होल्हार्डची पद्धत घ्या. चांदी नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवायची, फेरिक ॲलम इंडिकेटर, थायोसायनेटनं टायट्रेट, तांबूस रंग टिकला की संपलं. ऐकायला सोपं. पण विरघळवल्यावर उकळून तपकिरी धूर पूर्ण घालवला नाही, तर उरलेलं नायट्रस ॲसिडच थायोसायनेटशी लाल रंग देतं. एंड पॉइंट आला असं वाटतं आणि तो खोटा असतो. शेवटाला फ्लास्क जोरजोरात हलवावा लागतो. असल्या गोष्टी पोरांना पहिल्या दिवशी कळायला पाहिजेत. एररचा धडा वाचून हात बसत नाही. आधी हात बसू दे, डोकं मागून येतंय.

रंकाळाकाठ

पैजण, तुमच्या हाताबद्दल मला आदरच आहे. पण फ्लास्क का हलवायचा? सिल्व्हर थायोसायनेटचा साका चांदीचे आयन पृष्ठभागावर धरून ठेवतो. हलवलं नाही तर रंग लवकर येतो आणि चांदी कमी भरते. ‘कमी भरते’ हे ज्याला कळलं, तो आळस करणार नाही. ज्याला फक्त ‘हलवा’ एवढंच सांगितलं, तो परीक्षक पलीकडं गेला की हलवायचा थांबतो.

पैजण

हे कारण वोगेलमध्येबी आहे, सर. प्रत्येक पद्धतीआधी थिअरीची पानं आहेत, पोरं ती उलटून सरळ ‘प्रोसीजर’वर जातात. दोष पुस्तकाचा न्हाय.

रंकाळाकाठ

हे मान्य. ‘शिकायचं नव्हे’ हे मी जास्त बोललो, मागं घेतो. क्रमाबद्दलचं मत मात्र तेच आहे.

तिसरं वर्ष

मी विद्यार्थिनी आहे, थोडं रागानं लिहितेय, माफ करा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गाव गडहिंग्लजकडचं. तुम्ही म्हणता ती पुस्तकं शेकडो पानांची. एका सेमिस्टरला चार पेपर, वर प्रॅक्टिकल. नोट्स चाळीस पानांच्या आहेत आणि पेपर त्यातूनच येतो. हॅरिसचं एक पान वाचायला मला अर्धा तास लागतो. नवीन पुस्तकाची किंमत घरी सांगायची हिंमत होत नाही. आम्ही नोट्स वाचतो ते आळसानं नाही. ‘नोट्स वाईट’ म्हणणं सोपं आहे, त्याच्या जागी काय वाचायचं ते आमच्या वेळेत आणि पैशात बसवून सांगा.

मोल

ताई, तुझा मुद्दा अगदी खरा आहे. मी शिकवते, म्हणून उत्तर द्यायची जबाबदारी माझ्यावर येते.

पैशाचं आधी. डेव्हिड हार्वे यांचं ‘ॲनॅलिटिकल केमिस्ट्री’ हे पूर्ण पाठ्यपुस्तक त्यांनी स्वतःच इंटरनेटवर मोफत दिलेलं आहे, फोनवर उघडतं. विद्यापीठाच्या बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात तासभर बसायला मिळालं तर जाड पुस्तकं तिथं चाळ. इंग्रजी जड जात असेल तर खोपकरांचं ‘बेसिक कन्सेप्ट्स ऑफ ॲनॅलिटिकल केमिस्ट्री’ बघ, मांडणी आटोपशीर आहे.

पूर्ण पुस्तक वाचू नकोस. या आठवड्यात जे प्रॅक्टिकल आहे तेवढाच भाग उघड. सोडवलेलं उदाहरण दिसलं की उत्तरावर कागद ठेव, आधी आपण सोडव, अडलीस की एक ओळ उघड. अर्ध्या तासात एक उदाहरण झालं तरी पुष्कळ. इंग्रजी वाक्यांपेक्षा आकडे लवकर समजतात, हे मी वर्गात दरवर्षी बघते.

पैजणदादा, वोगेलबद्दल माझी एक तक्रार आहे, आणि ती आवृत्तीची आहे. सीनियरकडून हातोहात येणाऱ्या जुन्या प्रतींत सगळं नॉर्मॅलिटीत (रिॲक्शनच्या हिशोबानं मोजलेल्या ताकदीत) असतं. आता शिकवतो मोलॅरिटीत. ०.१ नॉर्मल पोटॅशियम परमँगनेट म्हणजे ॲसिडमध्ये ०.०२ मोलर, कारण तिथं मँगनीज पाच इलेक्ट्रॉन घेतं. माझ्या एका विद्यार्थ्यानं जुन्या पुस्तकातलं ०.१ बघून ०.१ मोलर बनवलं. ऑक्झॅलेट गरम करून थेंब सोडायला लागला आणि २५ मिलीच्या जागी ५ मिलीतच गुलाबी झालं. त्याला वाटलं ऑक्झॅलेटच चुकलं. दुपार गेली बिचाऱ्याची. उदासीन द्रावणात तर मँगनीज डायऑक्साइड होतं, तीनच इलेक्ट्रॉन, म्हणजे त्याच बाटलीची नॉर्मॅलिटी बदलली. मोलॅरिटी बदलत नाही. म्हणून पुस्तक घेताना पहिल्यांदा एकक बघायचं.

पैजण

ताई, नॉर्मॅलिटीला एवढं वाईट म्हणू नका. रोज तेच टायट्रेशन करणाऱ्याला नॉर्मॅलिटी गुणिले मिली दोन्हीकडं सारखं, एका ओळीत हिशोब. माझ्याकडं आलेली नवीन पोरं मोलचा रेशो उलटा धरतात, तेबी मी बघितलंय. पण शिकणाऱ्याच्या हातात जुनी प्रत देताना पहिल्या पानावर पेन्सिलनं ‘नॉर्मल’ लिहून देईन, हे पटलं.

तिसरं वर्ष

चार दिवसांनी लिहितेय. मोलताईंनी सांगितल्याप्रमाणे कागद ठेवून तीन उदाहरणं सोडवली. मग माझं स्वतःचं जर्नल काढलं. नळाच्या पाण्याचं रीडिंग ४.७ मिली होतं. ५० मिलीच्या चांगल्या ब्युरेटचा टॉलरन्सच (मान्य असलेली चूक) ०.०५ मिली, म्हणजे माझ्या उत्तरात ब्युरेटमुळंच एक टक्क्याच्या वर चूक असू शकते. २५ मिली रीडिंग आलं असतं तर ०.२ टक्के. चाळीस पानांत हे कुठंच नव्हतं. उद्या मॅडमना विचारून ईडीटीए अर्ध्या ताकदीचं करून, १०० मिली पाणी घेऊन परत करणार आहे.

एक शंका राहिली. लाल जाऊन निळा यायच्या मध्ये रंग बराच वेळ जांभळट रेंगाळत होता. हातच चुकला का?

पैजण

हात नसेल चुकला. पाण्यात मॅग्नेशियम कमी असलं की हा इंडिकेटर असा रेंगाळतो, कॅल्शियमला तो घट्ट धरत नाही. म्हणून बफरमध्ये थोडं मॅग्नेशियम-ईडीटीए घालतात. तुमच्या बफरमध्ये घातलंय का, लॅब असिस्टंटला विचार. आणि शेवटाला थेंब सावकाश सोड, ही रिॲक्शन तिथं दमानं होते.

रंकाळाकाठ

१०० मिलीचं रीडिंग आलं की इथं टाक. भाचीलाही तिच्या बोअरच्या पाण्याचं परत करायला सांगितलंय, या वेळी बाटलीवरचा ०.००९३ हिशोबात धरून.