मदत हवी आहे : जुना पीसी विकायचाय, नवीन युजर लॉगिनच होत नाही (सांगली)

हळदपेठ
दुकानातला जुना पीसी विकायला काढलाय. गिऱ्हाईक रविवारी न्यायला येणार. माझं खातं काढून त्याला कोरं खातं द्यायचं होतं. खातं तयार होतं, नाव दिसतं, पासवर्डही घेतो. मग 'द युजर प्रोफाइल सर्व्हिस फेल्ड द साइन-इन. युजर प्रोफाइल कॅनॉट बी लोडेड' असं म्हणतो आणि हाकलून देतो. नावं बदलून पाहिली, तेच. रीस्टार्ट करा म्हणून सांगू नका, झालंय. फॉरमॅट मारायचा नाहीये. जाणकारांनी लवकर सांगावे.

भडंगवाला
कितीला देताय?

खोडकर_काका
विंडोज ७ पासून हा एरर मला तोंडपाठ आहे. रेगएडिट उघडा, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जची नोंदवही. एचकेएलएम, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, प्रोफाइल लिस्ट. तिथं एस-१-५-२१ ने सुरू होणाऱ्या लांबलचक 'की' (नोंदी) असतील. त्यात एक जोडी सापडेल, एकीच्या शेवटी '.बॅक'. साध्या कीचं नाव बदला, दुसरीचं '.बॅक' काढून टाका, आतला स्टेट शून्य करा. शंभर टक्के चालतं.

हळदपेठ
काका, .बॅकवाली एकही की नाही. सगळं बघितलं.

खोडकर_काका
नीट बघा. असतेच.

कळफलक
विंडोज कोणतं? आणि तुमचं स्वतःचं खातं उघडतंय का?

हळदपेठ
उघडतंय की! त्याशिवाय नवीन खातं कुठून काढलं असतं? विंडोज १०.

कळफलक
१० म्हणजे कोणतं व्हर्जन? स्टार्टमध्ये विनव्हर टाइप करा. आणि एरर यायच्या आधी त्या मशीनवर काय काय केलंत?

हळदपेठ
२२एच२. विशेष काही केलं नाही, साफसफाई केली. विकायचं म्हटल्यावर करतातच.

लिनक्सवारी
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. प्रोसेसर कुठला आहे? इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे बसणारच नाही, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पण लागते. मेलेल्या घोड्याला नाल कशाला ठोकताय? लिनक्स मिंट टाका, विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम, अर्ध्या तासात मोकळे व्हाल.

हळदपेठ
आय-थ्री, तिसरी पिढी. घेणारा तासगावचा आहे, लग्नपत्रिकांचं काम नवीन सुरू करतोय. त्याला आत कोरल (डिझाइनचं) आणि श्रीलिपी (मराठी टायपिंग-फॉन्टचं) बसवलेलंच हवंय, त्याच अटीवर घेतोय. म्हणून फॉरमॅट नको म्हटलं. मिंटवर श्रीलिपी चालवून दाखवा, लगेच टाकतो.

लिनक्सवारी
अजून श्रीलिपी? डिझाइनला इंकस्केप आहे, मराठीला कुठल्याही मशीनवर दिसणारं युनिकोड आहे, सगळं फुकट आहे. कोरल ओरिजिनल आहे का ते पण सांगा जरा.

पत्रिकाछाप
बोलायला काय जातंय! आमच्याकडं पंधरा वर्षांच्या पत्रिका श्रीलिपीत पडून आहेत. तोच फॉन्ट मशीनवर नसला की 'चि. सौ. कां.' च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, थोरलीची पत्रिका होती तशीच धाकटीची काढा, फक्त नावं बदला. तेव्हा ती जुनी फाइल उघडावीच लागते. युनिकोड चांगलं आहे, नाही म्हणत नाही, पण धंदा असाच चालतो. हळदपेठ, डोंगल, म्हणजे श्रीलिपीची लायसन्सची किल्ली, देणार ना बरोबर? जुनी श्रीलिपी असेल तर डोंगलशिवाय उघडायची नाही.

हळदपेठ
डोंगल देणार आहे. कोरलचं विचारू नका.

भडंगवाला
हाहा. किंमत तरी सांगा मग.

कृष्णाकाठ
मशीन पुरात भिजलेलं नाही ना? सांगलीत सेकंडहँड घेताना मी पहिलं हेच विचारतो. कॅबिनेट उघडून पॉवर सप्लायचे स्क्रू बघतो, गंज असला की समजायचं. २०१९ नंतर इथं अशी मशीनं पुसून-पासून विकलेली आहेत.

हळदपेठ
मी घेतलाच २०२० ला. २०२१ ला पाणी आलं तेव्हा माळ्यावर होता. साडेसहा हजार, आणि बोली झालीय. धागा त्यासाठी काढलेला नाही!!

टॅलीमास्तर
एक लक्षात घ्या, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) असेल तर विकण्याआधी याच मशीनवरून लायसन्स सरेंडर करा. नाहीतर नव्या मशीनवर ॲक्टिव्हेट करताना डोकं खाजवत बसाल.

हळदपेठ
टॅली नाहीच्चे.

कळफलक
जरा इकडे बघा. फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या फाइली दाखवा, आणि 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स' लपवणारी टिक काढा. मग सी ड्राइव्हमधला युजर्स फोल्डर उघडा. आत काय काय दिसतं ते जसंच्या तसं लिहा.

हळदपेठ
माझ्या नावाचा, पब्लिक, ऑल युजर्स, डिफॉल्ट युजर. एक डेस्कटॉप डॉट आयएनआय. डिफॉल्ट युजर क्लिक केला तर उघडत नाही.

कळफलक
आणि नुसता 'डिफॉल्ट' नावाचा?

हळदपेठ
तो काढला. आत डेस्कटॉप, डाउनलोड्स, म्युझिक, सगळे रिकामे. एक फोटो नाही, फाइल नाही. रिसायकल बिन पण रिकामा केलाय.

भडंगवाला
बसा आता बोंबलत.

कळफलक
नवीन खात्याचा साचा तोच असतो. कोणी पहिल्यांदा लॉगिन केलं की विंडोज त्या डिफॉल्टची नक्कल काढून प्रोफाइल बनवतं. आत एनटीयूजर डॉट डॅट नावाची लपलेली फाइल असते, त्या खात्याच्या सगळ्या सेटिंग्ज तिच्यात. तुम्हाला दिसली नसणार, म्हणून फोल्डर रिकामा वाटला. साचाच नाही तर कितीही नावांनी खाती काढा, हेच होणार. तुमचं खातं चालतंय कारण त्याची नक्कल आधीच झालेली आहे. 'डिफॉल्ट युजर' हा नुसता त्याच फोल्डरकडे नेणारा दुवा आहे, त्याच्यात स्वतःचं काही नसतं.

खोडकर_काका
तरी एकदा एसएफसी स्कॅननाऊ, म्हणजे विंडोजच्या फाइलींची तपासणी, चालवून बघायला हरकत नाही.

हळदपेठ
चालवलं. काही बिघाड नाही म्हणतंय.

खोडकर_काका
मग प्रोफाइल लिस्टमध्ये...

कळफलक
काका, .बॅकचा इलाज चालू खातं एकाएकी टेम्पररी प्रोफाइलवर गेलं तर करायचा. इथं रोग वेगळा आहे.

हळदपेठ, विंडोज १०, २२एच२ चालणारा दुसरा पीसी शोधा. तिथं पण त्या दोन्ही सेटिंग करा. युजर्समधला डिफॉल्ट पेनड्राइव्हवर घ्या. काही फोल्डरांना परवानगी नाही म्हणेल, ते स्किप करा, ते दुवेच असतात. एनटीयूजर डॉट डॅट आली का तेवढं डोळ्यांनी बघा. मग तुमच्या सी ड्राइव्हच्या युजर्समध्ये पेस्ट करा. फसलेली खाती काढून टाका आणि नवीन एकच करा. कोणाचा वापरातला फोल्डर उचलून त्याला 'डिफॉल्ट' नाव द्यायचा शहाणपणा करू नका.

नोटरीशेजारी
डीटीपीचं दुकान म्हणजे लोकांचे आधार, पॅन, सातबारा स्कॅन करून ठेवलेले असणार. खातं काढलं तरी ते डिस्कवरून पुसलं जात नाही, रिकव्हरीवाला आरामात काढतो. डी ड्राइव्हचं काय?

हळदपेठ
सगळं डिलीट केलंय.

नोटरीशेजारी
डिलीट म्हणजे फक्त जागा मोकळी आहे असं लिहून ठेवणं.

कळफलक
बरोबर बोलतायत. खरं तर माझा सल्ला अजूनही 'रिसेट धिस पीसी, रिमूव्ह एव्हरीथिंग' करून 'क्लीन डेटा' चालू करण्याचाच आहे. कोरलमुळे तुम्ही ऐकणार नाही, म्हणून दुसरा मार्ग. साधी हार्डडिस्क आहे ना? ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सायफर, स्लॅश डब्ल्यू, कोलन, सी' आणि मग डीसाठी तेच. मोकळ्या जागेवर तीनदा लिहितं. दुकान बंद करताना लावून जा. पण जुनं खातं काढल्यानंतरच लावा, आधी लावलं तर त्या खात्यातलं तसंच राहील.

लिनक्सवारी
किंवा सरळ डिस्क बदलून द्या. एसएसडी टाकली तर तासगावकर दुवा देईल.

हळदपेठ
साडेसहा हजारात एसएसडी पण? असू दे. मेहुण्याच्या लॅपटॉपवरून आणतो.

हळदपेठ
झालं. नवीन खातं उघडलं, 'हाय' वगैरे करून थेट डेस्कटॉपवर आलं. एनटीयूजर आली होती, बघितली. आता जुनं खातं उडवतो.

कळफलक
थांबा. नवीन खातं ॲडमिनिस्ट्रेटर केलंय का?

हळदपेठ
केलंय.

पत्रिकाछाप
आणि फॉन्ट? विंडोज १० मध्ये फॉन्टवर नुसतं 'इन्स्टॉल' दाबलं असेल तर ते फक्त तुमच्या खात्यात बसतात, ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरच्या आत. तुमचं खातं गेलं की ते पण गेले. नव्या खात्यातून कोरल उघडून यादी बघा.

हळदपेठ
निम्मे दिसत नाहीयेत. श्रीलिपीबरोबर आलेले आहेत, मी नंतर एकेक करून टाकलेले गायब.

पत्रिकाछाप
जुन्या खात्यातून ते सगळे डीवर कॉपी करा. मग नव्या खात्यात सगळे निवडून राइट क्लिक, 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स'. यादीत आले की मगच खातं उडवा, आणि डीवरची कॉपी तशीच ठेवा, त्या पोराला लागेल.

हळदपेठ
लावलंय. बरेच आहेत, वेळ घेतंय.