माहेरी बाळंतपण, सासरी नोंद: तान्ह्या लेकराचा पाठपुरावा कसा ठेवावा?

घाटंजीकर:
घाटंजी तालुक्यातल्या चार गावांत तान्हं लेकरू असलेल्या मजूर घरांचा पाठपुरावा आमच्या गटाकडे आहे. बाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते, सव्वा महिन्यानं परतते आणि लस, वजन, मातृवंदना योजनेच्या पैशाचा हप्ता यातलं काहीतरी सुटतंच. वही कशी आखावी?

गटप्रवर्तक:
सुटतं ते नेमकं परतीच्या आठवड्यात. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशाताईच्या भेटी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. घरी झालं तर पहिल्या दिवसाची एक जास्त. (या घरभेटींची पायवाट आपल्या गडचिरोलीतल्या ‘सर्च’ संस्थेनंच पाडली.) सव्वा महिना म्हणजे 38-40 दिवस. त्यामुळं शेवटची भेट आणि पेंटा लशीचा दीड महिन्याचा डोस, दोन्ही बाई एसटीत बसल्यावर येतात. माहेरची आशाताई म्हणते गेली, सासरचीला आल्याचा पत्ता नसतो.

म्हणून वही गावानुसार नको, जन्मतारखेनुसार लावा. एका लेकराला एक पान, वर दोन्ही आशाताईंचे नंबर, 35 व्या दिवशी दोघींना फोन. माता बाल संरक्षण कार्ड बाईच्या पिशवीत आहे ना, हे तेव्हाच विचारा. डोस हुकलाच तर पुढच्या लसीकरणाला न्या. पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही.

जन्माचं वजन अडीच किलोखाली असेल तर लाल शाईनं लिहा. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, त्याला घाबरू नये. पण लेकरू दूध ओढत नसेल, अंग गार लागत असेल तर वही बाजूला ठेवा, 102 किंवा 108 ला फोन करा. वर्षाच्या आतल्या आजारी लेकराचं सरकारी दवाखान्यात नेणं-आणणं, उपचार मोफत आहेत.

पासबुकवाली ताई:
पैशाचं पान वेगळं ठेवा. मातृवंदनेत पहिल्या लेकराला 5000: गरोदरपणी नोंदणी-तपासणीनंतर 3000, जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्या की 2000. दुसरं लेकरू मुलगी असेल तर 6000 एकाच वेळी. ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणतात तेव्हा बहुतेकदा ते दुसऱ्याच खात्यात पडलेले असतात, कारण आधार शेवटी ज्या बँकेला जोडलं तिकडं रक्कम जाते. नंतर पोस्टात खातं उघडलं असेल तर तिथं बघा. नवऱ्याचं खातं चालत नाही.

घाटंजीकर:
जन्मदाखला कुठला, माहेरचा की सासरचा?

पासबुकवाली ताई:
लेकरू जिथं जन्मलं तिथला. 21 दिवसांत नोंद फुकट. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, म्हणजे मजुरी बुडवून तालुक्याच्या चकरा. ‘सासरी गेल्यावर काढू’ असं कोणी म्हटलं तर तिथंच थांबवा. नोंदीत आईचं नाव आधारवर आहे तसंच लिहून घ्या. आधारवर माहेरचं नाव अन् दाखल्यावर सासरचं, यात दुसरा हप्ता अडकतो. मुलगी असेल आणि घरात पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर त्याच दाखल्यावर ‘लेक लाडकी’ योजनेचाही अर्ज करा, जन्माचे 5000 मिळतात.

गटप्रवर्तक:
आणखी एक. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी घराला कुलूप असतं, भेट सकाळी सातच्या आत किंवा दिवे लागल्यावर ठेवा. लेकरू आजीजवळ असेल तर वर काय पाजते ते तिलाच विचारा. सहा महिने आईचंच दूध, पाणीसुद्धा नाही, हे सुनेपेक्षा आजीला सांगणं जास्त गरजेचं आहे.